व्याहीबुवांचा बांगडा

मास्तरांना अडकवलं होतं ते त्यांच्याच तोंडाने. दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नव्हतं, आणि खरा राग त्याचाच होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि कुणाचं पोट कधी सुटलं हे त्या माणसाच्या बायकोआधी त्यांना कळायचं. मागच्या उन्हाळ्यात कापड बेतता बेतता त्यांना झटका आला. कात्री हातातून गळाली, तोंड वाकडं झालं, आणि कोट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकानेच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. घरी परतले तेव्हा जीभ ताळ्यावर आली होती, पाय चालत होता, उजवा हातही हलत होता. आणखी काय पाहिजे, असं सगळे म्हणाले. मास्तरांनीही मान डोलावली.

मुलगी धावत आली होती. एकुलती एक लेक. ती आणि तिचा नवरा दूर आत, जिथे समुद्राचा वाससुद्धा पोचत नाही अशा शहरात राहत होते. ती महिनाभर राहिली, औषधांचे डबे लावले, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, आणि निघायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "बाबा, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. तुम्ही दोघं चला."

बायकोने "तू म्हणशील तसं" म्हणून विषय मुलीच्या पदरात टाकला. मास्तर मात्र उसळले. आणि उसळता उसळता जे बोलू नये ते बोलून बसले, "मी समुद्रावरून मासे घेऊन घरी येतोय, तोवर मला इथून कुणी हलवायचं नाही!"

लेक बापाचीच. ती शांतपणे म्हणाली, "चालेल. थंडी संपेपर्यंत बघू. मासे आणलेत तर राहा. नाही आणलेत तर सामान बांधायचं, आणि मग कुरकुर ऐकून घेणार नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि मास्तरांच्या बाबतीत तर खरोखर हाताचाच प्रश्न होता.

त्याचं असं की, हात हलत होता, पण हाताला कळत नव्हतं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधीर. सुई टोचली तरी पत्ता नाही. ही गोष्ट मास्तरांनी डॉक्टरांना अर्धी सांगितली होती आणि घरी अजिबात नाही.

थंडीतली मासेमारी म्हणजे सगळा बोटाचा खेळ. पाणी गार झालं की मासा आळशी होतो. गळाला येऊन झडप घालत नाही. आमिष नुसतं चाखून बघतो, सोडतो, पुन्हा चाखतो. वाऱ्याने काठीचं टोक सारखं हलत असतं, लाटेने दोरीला बांधलेलं शिसं लोळत असतं, त्यामुळे टोकाकडे बघून काही समजत नाही. मास्तर काठीकडे कधी बघायचेच नाहीत. दोरी उजव्या तर्जनीवर घ्यायची, डोळे मिटायचे आणि वाट बघायची. धाग्याला कुठे ताण आला हे ओळखण्यात त्या बोटाचा जन्म गेला होता. बंदराच्या धक्क्यावरचे बाकीचे लोक म्हणायचे, मास्तरांच्या बोटाला कान आहेत.

आता ते बोट बहिरं झालं होतं. डाव्या हाताने करून बघितलं, पण शिंप्याच्या डाव्या बोटाची चामडी म्हणजे जोड्याचा तळ. जन्मभर कापडाखालून सुया खाल्लेल्या. त्याला काय कळणार! रोज दुपारी मास्तर आमिष लावायचे, गळ टाकायचे आणि संध्याकाळी रिकामा गळ ओढायचे. मासे येत होते, चाखत होते, फस्त करून जात होते. दोन्ही बाजूंच्या माणसांच्या बादल्यांत चार-दोन मासे पडत होते. थंडीत कुणाला फार मिळत नाहीच, पण घरी जाऊन तवा तापवण्यापुरतं सगळ्यांना मिळत होतं. मास्तर घरी येऊन सांगायचे, "पाणी गढूळ आहे." दुसऱ्या दिवशी, "वारा उलटा आहे." नाचता येईना अंगण वाकडं. समुद्र बिचारा बोलत नाही म्हणून बरं.

यात भर म्हणजे व्याहीबुवा.

मुलीचे सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. उंच, पोट पुढे, आणि आवाज असा की त्यांच्या बसला हॉर्न लावायची गरजच नव्हती. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत. रोज संध्याकाळी मास्तरांकडे "सहज" यायचे आणि सहजच जेवून जायचे. मुलाने आणि सुनेने त्यांनाही बोलावलं होतं, पण तेव्हा ते म्हणाले होते, "मला काय धाड भरलीय? त्या खोलीत यांना न्या."

सुनेने थंडी सुरू होताना त्यांच्यावर कामगिरी सोपवली. "अप्पा, बाबांबरोबर धक्क्यावर जात जा. आणि हात कसा आहे ते मला खरं खरं सांगा." तेव्हापासून व्याहीबुवा रोज दुपारी कानटोपी घालून, घडीची खुर्ची काखेला मारून हजर. मासेमारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. खुर्चीत बसायचे, लाट मोठी आली की उजवा पाय आपोआप ब्रेकवर दाबायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायचे. व्याही पडले, मानाचे. चालते व्हा म्हणता येत नाही. मास्तर मनात म्हणायचे, फितूर आहे हा. दर रविवारी फोनवर कोपऱ्यात जाऊन कुजबुजतो. त्यांची कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू जायची हे खरं, पण नेमकी तेवढी वेळ मास्तर रागाने बाहेरच जाऊन बसायचे.

असं करता करता थंडी सरत आली. मास्तरांच्या बायकोने माळ्यावरची ट्रंक खाली काढली. काचेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली. एकदा तिने मास्तरांना विचारलं, "तुमची मोठी कात्री घ्यायची की कुणाला द्यायची?" मास्तर म्हणाले, "थंडी संपलीय का?" ती म्हणाली, "नाही अजून," आणि कात्री परत खुंटीला लावली. त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही. ज्या दुकानात ते मोठे झाले, ज्या धक्क्यावर त्यांच्या बापाने त्यांना पहिला गळ हातात दिला, ते सगळं सोडून एका रिकाम्या खोलीत जायचं, आणि तेही कशामुळे, तर तीन बोटांमुळे. त्यांना रडू येत होतं आणि ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

रविवार उजाडला. संध्याकाळी मुलीचा फोन येणार होता आणि या खेपेला ती तिकिटांचं विचारणार, हे बायकोने सकाळीच कानावर घातलं होतं.

दुपारी धक्क्यावर वारा बोचत होता. मास्तरांनी दोनदा आमिष लावलं, दोनदा गेलं. व्याहीबुवा आज गप्प होते. एवढे गप्प की पलीकडच्या गळवाल्याने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" त्यांच्या खुर्चीखाली एक कापडी पिशवी होती आणि ती ते सारखी पायाने आत सारत होते.

थंडी आणि वय यांची जोडी जमली की माणसाला घडोघडी आडोसा शोधावा लागतो. मास्तरांनी काठी दगडांच्या खोबणीत उभी केली आणि म्हणाले, "जरा बघा, आलोच." भिंतीमागे जाऊन ते परत येत होते, तोच धक्का दणाणला.

"मास्तर! ओढतंय! अहो, ओढतंय! लवकर या!"

धक्क्यावरच्या सगळ्या माना वळल्या. मास्तर पळाले. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच पळत होते. काठी हातात घेतली, रीळ फिरवलं. दोरीला वजन होतं! हाताला कळलं नाही, पण काठी वाकली होती, ते डोळ्यांना दिसत होतं. पाण्यातून चंदेरी काहीतरी वर आलं, दगडावर आपटलं. बांगडा! चांगला हातभर नव्हे, पण वीतभर तरी होता. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा होताच, त्यामुळे निभावलं.

"मी म्हटलं नव्हतं? मिळणार म्हणून!" व्याहीबुवा ओरडत होते. "आता सांगा तिला! मान वर करून सांगा!"

गळ सोडवायला मास्तर खाली बसले. डाव्या हाताने माशाचं डोकं धरलं, उजव्या अंगठ्याने पोट दाबलं आणि बघतात तर अंगठा दिसेना. नखापर्यंत आत गेला होता. बोटाला काही कळलं नव्हतं, पण डोळ्यांना सगळं कळलं. त्यांनी मासा उलटा केला. पोट गळ्यापासून खालपर्यंत स्वच्छ चिरलेलं, आतून धुतलेलं. कल्ले काढलेले.

मास्तरांनी धक्क्यावर इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "व्याहीबुवा, हल्ली मासे पोट साफ करून पोहतात का?"

"म्हणजे?" व्याहीबुवा वाकले. "काय झालं? असाच तर असतो मासा."

"असा पाटावर असतो. पाण्यात त्याला आतडी असतात. कल्लेसुद्धा नाहीत याला. श्वास कशाने घेत होता हा, नाकाने?"

व्याहीबुवांचा चेहरा पडला. ते आधी माशाकडे, मग मास्तरांकडे, मग परत माशाकडे बघायला लागले. त्यांनी आयुष्यात मासा पाहिला होता तो ताटात, नाहीतर बायकोच्या पाटावर. पाण्यातला मासा वेगळा असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मी मासेवालीला म्हटलं होतं," ते पुटपुटले, आणि या वेळी ते खरंच पुटपुटले, "की अगदी आत्ता पकडल्यासारखा दिसेल असा दे. तिने सवयीने साफ करून दिला असणार. मी कुठे उलटा करून बघतोय!"

मास्तरांचं डोकं फिरलं. "माझी थट्टा करायला आणलात हा? म्हातारा झालोय, हात गेलाय, म्हणून माझ्या गळाला बाजारातला मासा? चार लोकांत?"

"हळू बोला हो, चार लोक ऐकतायत."

"तुम्ही मला हळू बोलायला सांगताय?"

यावर व्याहीबुवा खुर्चीत बसले. खुर्ची करकरली. "थट्टा करायची असती तर थंडीच्या सुरुवातीलाच केली असती," ते म्हणाले. "आज तिचा फोन आहे. ती तिकिटं काढणार. तुम्ही दोघं जाणार. मग मी संध्याकाळी कुठे जाऊ, ते सांगा."

मास्तरांनी माशाच्या तोंडातून गळ सोडवला.

"घरी जाऊन मी फक्त झोपतो, मास्तर. दिवस माझा तुमच्याकडे असतो. विहीणबाई ताट वाढतात, तुम्ही माझ्यावर चिडता, बरं वाटतं. ही गेल्यापासून दुसरं कुणी माझ्यावर चिडतसुद्धा नाही. कुणाला सांगू हे? मुलाला सांगितलं तर तो मलाही उचलून नेईल. आणि त्या खोलीत आपण तिघं, म्हणजे बसच होईल ती."

"आणि तिला फोनवर काय सांगत होतात दर रविवारी?"

"काय सांगणार? हात ठणठणीत आहे, समुद्रच वाईट आहे. तुम्ही जे सांगत होता तेच."

ज्याला इतके दिवस फितूर समजलं, तो माणूस त्यांच्याच बाजूने खोटं बोलत होता. तेही सुनेशी, जिच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. मास्तरांना स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त, त्या साफ केलेल्या बांगड्याचं फार प्रेम वाटलं.

"बोटांना कळत नाही माझ्या," ते म्हणाले. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"चहाचा कप उचलताना तुम्ही कपाकडे टक लावून बघता. घोट घेईपर्यंत नजर काढत नाही. चांगला माणूस कधी कपाकडे बघतो का? विहीणबाईंनाही माहीत आहे. म्हणून तर त्या कप अर्धाच भरतात."

म्हणजे झाकली मूठ म्हणून जी मास्तर इतके दिवस जपत होते, ती केव्हाच उघडी पडली होती, आणि घरात एकानेही ती त्यांना दाखवली नव्हती. मग मास्तरांनी आपल्या पिशवीतून छोटी कात्री काढली आणि बांगडा दगडावर आडवा केला.

"अहो, काय करताय? माझा मासा!"

"तुमचाच. याच्याइतकं चांगलं आमिष बाजारात मिळत नाही. उगाच वाया कशाला घालवायचं?" कात्री मात्र मास्तरांच्या हातात अजून चालत होती, तिला डोळे पुरत होते. बांगड्याच्या अंगाची त्यांनी एकसारखी पट्टी कापली, कॉलरची कापावी तशी, आणि व्याहीबुवांच्या हातात गळ दिला. "लावा. टोक बाहेर राहू द्या. हातात घुसवून घेऊ नका, नाहीतर तुम्हाला सोडवत बसावं लागेल."

मास्तरांनी गळ टाकला, पण रीळ अर्धवट फिरलं आणि दोरीचा गुंता झाला. मघाशी व्याहीबुवांनी बांगडा लावताना दोरी कशीबशी गुंडाळून ठेवली होती, त्याचं हे फळ. शिसं तळाला गेलं होतं, दोरी ताणलेली होती, आणि रिळापाशी एक गाठ अडकून बसली होती. मास्तरांनी डाव्या हाताच्या नखाने ती काढून बघितली. निघेना. मग जन्माची सवय, त्यांनी मान खाली घातली आणि गाठीच्या पुढची दोरी दातांत धरली.

शिंप्याचे पुढचे दात बघायचे असतात. धागा तोडून तोडून त्यांना खाच पडलेली असते. मास्तरांच्या बायकोने लग्न झाल्यापासून दातांच्या कण्या केल्या होत्या की कात्री आहे ना, मग दाताने का तोडता. पण मास्तरांना धाग्याचा ताण बोटाइतकाच दाताला कळायचा. कच्चा कुठला, पक्का कुठला, हे ते तोंडात धरून सांगायचे. इतकी जुनी गोष्ट की ती आपल्याला येते हेही ते विसरले होते.

दोरी खाचेत बसली. खारट चव आली. आणि टिक.

मास्तर थांबले. टिक, टिक. मग जरासं खेचल्यासारखं, मग सैल. दाताच्या मुळापर्यंत पोचलं ते. लाट असं करत नाही, शिसं असं करत नाही. एवढं हळू चाखणारा एकच.

"काय झालं?" व्याहीबुवांनी विचारलं.

मास्तरांना बोलता येत नव्हतं. तोंडात दोरी. त्यांनी नुसता हात वर केला. पुन्हा टिक झालं, आणि या वेळी जे खेचणं आलं ते सोडलं नाही. मास्तरांनी तोंड उघडलं, काठी उचलली, गाठीसकट रीळ फिरवायला लागले. दगडावर येऊन पडला तो तळहाताएवढा लेप. चपटा, तपकिरी, दोन्ही डोळे एकाच बाजूला, आणि चांगला जिवंत.

"याला आतडी आहेत का बघा," मास्तर म्हणाले, आणि दोघं म्हातारे इतके हसले की पलीकडच्याने पुन्हा तब्येतीची चौकशी केली.

मग गाठ सोडवली. गळातून मासा काढायचं काम व्याहीबुवांकडे आलं, कारण त्यांच्या बोटांना काटा टोचलेला कळत होता आणि ते तसं ओरडूनही सांगत होते. आमिष लावायचं कामही त्यांचंच. मास्तर दगडावर बसून दोरी ओठांत हलकेच धरायचे. धक्क्यावरची माणसं बघत होती. एकाने विचारलं, "मास्तर, मोठा मासा आला तर दात घेऊन जाईल ना?" मास्तरांनी दोरी बाजूला करून सांगितलं, "इतकी वर्षं येतोय. मोठा मासा मी इथे अजून बघितलेला नाही." दिवस मावळेपर्यंत आणखी दोन लेप आले. एक तर इतका लहान की सोडून द्यावा की काय असा प्रश्न पडला, पण आज सोडायचं धाडस कुणालाच झालं नाही.

घरी परतताना मास्तर सावकाश चालले. बादली व्याहीबुवांच्या हातात. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, इस्त्रीवाला शेवटचे कपडे घडी करत होता, आणि मास्तरांना त्या सगळ्याबद्दल, अगदी त्या इस्त्रीच्या वासाबद्दलसुद्धा, फार बरं वाटत होतं. आपल्याला काही कमी नाही, असं त्यांना वाटलं. तीन बोटं कमी आहेत, एवढंच.

बायकोने बादलीत डोकावून बघितलं. ट्रंक ओलांडून स्वयंपाकघरात गेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या भांड्यांतून सपाट तवा शोधून काढला आणि विस्तवावर ठेवला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "धूर झालाय." अजून तव्यात तेलसुद्धा पडलं नव्हतं.

जेवायला तिघं बसले. तिघांच्या ताटात एकेक लेप, मिठात आणि मिरीत परतलेला, कडा कुरकुरीत. मास्तरांनी घास घ्यायला हात पुढे केला आणि हात तिथेच राहिला.

झटका आल्यापासून घरात मासा आलाच नव्हता, म्हणून हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मासा खायचा म्हणजे बोटांनी काटा शोधायचा. मास्तरांनी बोटं फिरवली. मऊ काय, टोकदार काय, काही कळेना. एक घास तोंडात घातला, तर काटा थेट टाळूला लागला. त्यांनी तो बाहेर काढला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि मान खाली घालून बसले. ज्या माशासाठी एवढं केलं, तो समोर होता आणि खाता येत नव्हता.

"सरका जरा," व्याहीबुवा म्हणाले. त्यांनी मास्तरांचं ताट आपल्याकडे ओढलं आणि स्टिअरिंग धरून जाड झालेल्या बोटांनी लेपाच्या कडेचे काटे उपसायला लागले. बायको दुसऱ्या बाजूने वाकली. मधलं हाड तिने अलगद उचलून घेतलं. दोघं मास्तरांच्या ताटावर वाकून बसले आणि स्वतःची ताटं गार होऊ दिली. मास्तर बघत राहिले.

फोन वाजला. बायकोने कोपराने बटण दाबून तो ताटांच्या मध्ये ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"बाबा? कसे आहात? आज काही मिळालं?"

"तीन," मास्तर म्हणाले. "लेप."

मुलगी एकदम म्हणाली, "खरंच? बोटावर कळलं?"

व्याहीबुवांनी जोरजोरात मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा. एका शब्दाचा प्रश्न होता. मासे तव्यातून ताटात आले होते, अट पुरी झाली होती, आणि मुलगी शब्दाची पक्की होती. मास्तरांनी एकदा बायकोकडे बघितलं.

"बोटावर नाही. दाताने धरले," ते म्हणाले. "हात बरा नाही, बाळ. तीन बोटांना काही कळत नाही. पहिल्यापासूनच. तुला खोटं सांगत होतो. तुझ्या सासऱ्यांनीही माझ्यासाठी खोटं सांगितलं, त्यांना रागावू नकोस. मला इथेच राहायचंय, एवढंच खरं आहे. आता तू ठरव."

व्याहीबुवांनी कपाळावर हात मारला आणि कपाळाला मिरी लागली.

"तीन बोटांना कळत नाही," मुलगी सावकाश म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मग आत्ता मासा खाताय कसा? काटे?"

"काटे तुझे सासरे काढतायत. एका बाजूने. दुसऱ्या बाजूने तुझी आई."

व्याहीबुवांची बोटं थांबली. बायकोने हातातलं हाड खाली ठेवलं नाही.

"अप्पांनी चष्मा लावलाय का?" मुलीने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "नाही," मास्तर म्हणाले.

"मग लावायला सांगा त्यांना. लेपाच्या कडेचे काटे बारीक असतात. अप्पा, ऐकताय ना? नीट बघून काढायचे. आज एकदाचं काम नाहीये, आता रोज तुम्हालाच काढायचेत."

व्याहीबुवांना बोलता येईना. त्या माणसाला बोलता येत नाही हे घराने पहिल्यांदाच बघितलं. त्यांचे दोन्ही हात माशाने माखलेले, म्हणून त्यांनी नुसतीच मान पुढे केली. मास्तरांनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला चष्मा काढला, दोन्ही हातांनी उघडला आणि त्यांच्या नाकावर ठेवला. तो थोडा तिरका बसला.

"चालतंय," व्याहीबुवा म्हणाले आणि पुढचा काटा शोधायला लागले.